फेस, काहील आणि रात्री तीनची लाइट

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आहे असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, समुद्राचं पाणी कुठून आणता? दुसरा, नेमो आहे का? पाणी समुद्रातून आणत नाही, आरओच्या पाण्यात तयार मीठ कालवून बनवतो. आणि हो, नेमो आहेत, दोन आहेत. (प्रवाळ नाहीत. आपल्याकडे खरे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे कोणी दुकानदार कोपऱ्यात नेऊन हळूच दाखवायला लागला तर सरळ बाहेर पडावं.) पण खरा विचारायला हवा तो प्रश्न कोणीच विचारत नाही. खाली कपाटात ते जे नळकांडं दिवसरात्र फसफसत असतं, ते काय आहे?

ते प्रोटीन स्किमर. आजचा लेख त्याच्यावर, म्हणजे तो उतू जाण्यावर.

टाकी माझी असली तरी ती पुण्यात नाही, बारामतीला आई-बाबांकडे आहे. बाबांची बायपास झाल्यावर त्यांना तासन्‌तास बसून बघता येईल असं काहीतरी हवं होतं. टीव्हीवर बातम्या लावल्या की त्यांचं बीपी वाढायचं, माशांनी वाढत नाही. दोन क्लाउनफिश, एक पिवळी डॅमसेल, थोड्या गोगलगायी आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी, जी माशांच्या अंगावरची घाण टिपून खाते. तिचं नाव बाबांनी 'कंपाउंडर' ठेवलं होतं. मी दर वीकांताला जातो, पाणी बदलतो, काचा घासतो. सोमवार ते शुक्रवार सगळा कारभार बाबांचा. खायला घालणं आणि वहीत आकडे लिहिणं. यंत्रं आपापली चालतात. चालावीत, अशी अपेक्षा.

आता स्किमर काय करतो ते थोडक्यात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचा चिकट स्राव यातले बरेचसे सेंद्रिय रेणू असे असतात की त्यांचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. अशा रेणूला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमा. मग त्याला भरपूर सीमा पुरवायची, म्हणजे लाखो बारीक बुडबुडे सोडायचे. रेणू बुडबुड्यांना चिकटतात, बुडबुडे वर जातात, वर निमुळत्या गळ्यात फेस दाटतो, त्यातलं पाणी निथळून खाली जातं आणि चहाच्या रंगाचा घाणेरडा फेस वरच्या कपात सांडतो. कप धुतला की घाण सिस्टीमबाहेर. बॅक्टेरियांनी ती कुजवून अमोनिया करायच्या आत. गोड्या पाण्यात हे नीट चालत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. क्षार असले की ते मिसळायला तयार नसतात, बारीकच राहतात. समुद्राच्या लाटेचा फेस दुधासारखा आणि नदीच्या धबधब्याचा मोठ्ठ्या फुग्यांचा, त्यामागे हेही एक कारण आहे. (आळंदीला इंद्रायणीवर अलीकडे जे पांढरे डोंगर दिसतात त्यात मात्र मिठाचा काही हात नाही. ती सांडपाण्याची करामत.)

म्हणजे या यंत्राचं कामच मुळी उतू जाणं हे आहे. फक्त हळू, थोडं आणि घट्ट उतू जायला हवं. गळ्यात फेसाची पातळी कुठे थांबते त्यावर सगळा खेळ. दोन सेंटिमीटर खाली राहिली तर कप कोरडा, दोन सेंटिमीटर वर गेली तर कपात फेस नाही, सरळ टाकीचं पाणीच.

गेल्या मे महिन्यात एका रात्री ती वर गेली. वळवाचा पाऊस, वारा, आणि लाइट येते-जाते चालू. सकाळी साडेचारला बाबा उठले तेव्हा हॉलभर खारं पाणी होतं. पाय सरकला, पण दाराची चौकट हाताला लागली म्हणून गुडघ्यावर निभावलं. इन्व्हर्टरची बॅटरी ट्रॉलीवर होती आणि बोर्ड भिंतीवर उंच होता म्हणून पुढचं काही झालं नाही. आईचा फोन आला तो पावणेपाचला. तिचं पहिलं वाक्य, "तुझ्या बाबांना काही झालेलं नाही." दुसरं वाक्य, "ती टाकी या घरात राहणार नाही."

मी सातला निघालो. पोचेपर्यंत आईने लादी पुसून घेतली होती आणि बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून गप्प बसले होते. कंपाउंडर तळाशी आडवा पडला होता. रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजली. ३५ हवी, ती ३० दाखवत होती. मासे एवढा फरक बऱ्यापैकी सोसतात. कोळंबीसारख्यांना तो एका रात्रीत सोसत नाही.

"तीस कशी झाली?" बाबांनी विचारलं. पाणी सांडलं तर पाणी कमी होईल, मीठ कसं कमी होईल? प्रश्न एकदम बरोबर होता. माझ्या ऑफिसात प्रॉडक्शन पडल्यावर इतका बरोबर प्रश्न विचारणारे थोडे :)

उत्तर असं. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद. तिच्या खाली कपाटात दुसरी छोटी टाकी, तिला संप म्हणतात. वरून पाणी कडेवरून सांडून संपमध्ये येतं, रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. स्किमर संपमध्ये उभा असतो. लाइट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी कडेच्या पातळीपर्यंत खाली येतच राहतं. आमच्याकडे वरची पातळी साधारण २ सेंटिमीटर उतरते. म्हणजे १२० गुणिले ४५ गुणिले २, जवळपास ११ लिटर. संपचं क्षेत्रफळ वरच्या टाकीपेक्षा कमी, त्यामुळे तेच ११ लिटर तिथे साडेतीन सेंटिमीटर चढतात. लाइट आली की रिटर्न पंप आणि स्किमर एकाच क्षणी सुरू होतात. संपची पातळी खाली यायला दोनेक मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ स्किमर त्याला झेपते त्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त खोल पाण्यात उभा राहून बुडबुडे सोडत असतो. परिणाम ठरलेला. तीन-चार लिटर पाणी कपातून बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे? दुकानदाराने कपाला नळी जोडून ती बाहेर ५ लिटरच्या कॅनमध्ये सोडून दिली होती. कप रोज धुवायला नको, आठवड्याने कॅन ओतला की झालं, अशी सोय. एकदा लाइट गेली-आली असती तर त्या कॅनमध्ये मावलं असतं.

पण खरी गंमत पुढे आहे. बारामतीच्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावावा लागतो, नाहीतर पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पंख्यामुळे दिवसाला चार-पाच लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागे राहतं. म्हणून भरपाई गोड्या पाण्याने करायची आणि तेच काम करणारा एक सेन्सर संपमध्ये असतो. पातळी खुणेच्या खाली गेली की शेजारच्या ५० लिटरच्या ड्रममधून आरओचं पाणी सोडतो. आता त्या सेन्सरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याला पातळी कळते, मीठ कळत नाही. स्किमरने साडेतीन लिटर खारं पाणी बाहेर फेकलं की त्याला वाटतं वाफ झाली. तो इमानेइतबारे साडेतीन लिटर गोडं पाणी भरतो. पातळी पुन्हा खुणेवर. पुन्हा लाइट जाते, पुन्हा येते, पुन्हा साडेतीन लिटर बाहेर.

सेन्सर नसता तर हा प्रकार आपोआप थांबला असता. पहिल्या वेळी साडेतीन लिटर गेल्यावर संपमध्ये तेवढं कमी राहिलं असतं आणि दुसऱ्या वेळी पाणी इतकं चढलंच नसतं. सेन्सरने दर फेरीला परिस्थिती जशीच्या तशी करून दिली. दोन्ही यंत्रं आपापलं काम चोख करत होती, कोणातही बिघाड नव्हता, आणि दोघांनी मिळून रात्रभर समुद्राचा उपसा केला. साधारण अकरा वेळा लाइट गेली-आली असावी, कारण ड्रममधलं जवळजवळ ४० लिटर पाणी संपलं होतं. सगळं मिळून २८० लिटरच्या सिस्टीममध्ये ४० लिटरची अदलाबदल म्हणजे ३५ ची ३० होणारच. हिशेब तंतोतंत जुळला. बाबांनी तो वहीत उतरवून घेतला आणि खाली लिहिलं, 'कंपाउंडर गेला'.

आईचा निर्णय मात्र जुळलेल्या हिशेबाने बदलणार नव्हता. तिचं म्हणणं साधं होतं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू पुण्यात, आणि हे रात्री तीनला.

दुसऱ्या दिवशी मामाकडे जायचं ठरलेलंच होतं. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लासुर्ण्याच्या आत मामाची शेती आहे. ऊस, दुसरं काय? आधी स्वतःचं गुऱ्हाळ होतं, आता नाही, पण जवळच एकाचं आहे आणि मामा तिथे सल्लागार असल्यासारखा जातो. बाबांच्या गुडघ्याची चौकशी झाल्यावर मी सगळी कथा सांगितली. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आरं, मग दोन थेंब त्याल टाकायचं की."

मला आधी हसू आलं, पण हसण्यासारखं काही नव्हतं. गुळाची काहील तापली की आधी काळपट-हिरवट साय वर येते. ती मळी. (कारखान्याची मळी वेगळी, तिच्याशी घोळ नको.) रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो घाण धरून वर आणतो आणि मळी झाऱ्याने काढून टाकतात. म्हणजे काहील हा एक भलाथोरला स्किमरच आहे, बुडबुडे हवेचे नसून वाफेचे इतकंच. मळी निघून गेल्यावर रस जोरात उकळायला लागतो आणि फेस काठापर्यंत चढतो. तेव्हा गुळव्या थोडं शेंगदाण्याचं नाहीतर एरंडीचं तेल शिंपडतो आणि डोंगरासारखा चढलेला फेस पाहता पाहता खाली बसतो. तेलाचा बारीक थेंब बुडबुड्याच्या पातळ पडद्यात शिरतो, पसरतो, तिथे पडदा आणखी पातळ होतो आणि फुटतो. एक फुटला की शेजारचे फुटत जातात.

स्किमरलाही हेच लागू पडतं, फक्त उलट्या अर्थाने. तेलाचा हात पाण्यात बुडवला किंवा तेलकट खाणं घातलं की फेस बसतो आणि स्किमर काही तास, कधी दिवसभर कप कोरडा ठेवून नुसता गुरगुरतो. उतू जाणं थांबतं खरं, पण कामही थांबतं. साबणाचं बरोबर याच्या उलट. धुण्याच्या पावडरचा अंश राहिलेली बादली पाण्यात बुडवली तरी स्किमर ज्वालामुखीसारखा उसळतो. म्हणून टाकीची बादली वेगळी, तिला घरातल्या कोणी हात लावायचा नाही. काही औषधं आणि पाण्यातलं क्लोरीन मारायची द्रावणंही हाच प्रकार करतात. ती घालायची असतील तेव्हा कप काढून ठेवावा. नवा कोरा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे असाच वेड्यासारखा वागतो. आतल्या प्लास्टिकवर जैविक थर बसला की शहाणा होतो. तोवर त्याचे स्क्रू पिळत बसण्यात अर्थ नाही.

मामाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी तुझ्या काहिलीला गुळव्या न्हाई." एका वाक्यात निदान. गुऱ्हाळात काहिलीजवळ कोणीतरी झारा घेऊन उभा असतो, आणि चुलवाणाशी बसलेल्याला ओरडून जाळ कमी करायला सांगता येतं. माझ्या काहिलीजवळ रात्री तीनला कोणी नाही, आणि असूही नये. पासष्टीच्या माणसाला झारा घेऊन उभं करायचं का? तेव्हा फेस आवरायच्या नादी न लागता, उतू गेला तरी काही बिघडणार नाही असं काहीतरी करणं भाग होतं.

(जाता जाता मामाने आणखी एक टोला हाणला. "हितं लोक रानातलं मीठ काढायला पैसं घालवत्यात आन्‌ तू इकत घिऊन पाण्यात घालतोस." खरंच आहे. कालव्याच्या पाण्याने आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच जमिनी खारवट-चोपण झाल्या. पिकांवरच्या अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली माळेगाव खुर्दला उभी राहिली, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि मी मिठाच्या बादल्या मागवतो!)

मुख्य सुचलं ते मात्र परतीच्या वाटेवर, एका डीपीकडे बघून. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला ऑटोस्विच लावतात, म्हणजे रात्री-बेरात्री थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू. सोय चांगली, पण लाइट आल्या क्षणी सगळ्यांच्या मोटारी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं आवाहन वर्षानुवर्षं करत आलंय. माझ्या कपाटात तेच चाललं होतं. लाइट आली की सगळ्यांनी एकदम उठायचं, हा नियम कोणी केला?

वालचंदनगरला आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले एक काका आईच्या ओळखीचे आहेत. त्यांनी एक ऑन-डिले टायमर आणून स्किमरच्या वायरीत बसवला. एसीच्या स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा दिवा लुकलुकतो ना, तसलाच. रिटर्न पंप लगेच सुरू होतो, स्किमर १० मिनिटांनी. मधेच लाइट गेली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यामुळे लाइट येते-जाते चालू असलेल्या रात्री स्किमर उठतच नाही, झोपून राहतो. एक रात्र स्किमर नसल्याने माशांना काही होत नाही. त्यांना हवी असते पाण्याची हालचाल, म्हणून वरच्या टाकीतला छोटा वेव्हमेकर तेवढा इन्व्हर्टरवर टाकला.

१० मिनिटं कुठून आली? मोजून. आम्ही दुपारी मेन स्विच पाडला, संपच्या काचेवर मार्करने रेघ मारली, पाणी चढू दिलं, पुन्हा चालू केलं आणि बाबांनी घड्याळ धरलं. पातळी मूळ जागी यायला १ मिनिट ५० सेकंद. त्याच्या पाचपट धरून वर थोडं. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला पातळीचं महत्त्व समजावावं लागत नाही. जिथे उजनी उणे किती टक्क्यांवर गेली यावर चहाच्या टपरीवर चर्चा होते (२०२४ च्या उन्हाळ्यात उणे ६० च्या आसपास गेली होती), तिथे साडेतीन सेंटिमीटर म्हणजे काय ते मामाला लगेच कळलं.

पण टायमरही यंत्रच. तो चिकटला तर? म्हणून बाहेरचा कॅन काढून टाकला. आता कपाची नळी बंद आहे. कप भरून सांडलाच तर पाणी संपमध्येच पडेल. पाणी घाण होईल, पण सिस्टीममधून एक थेंब बाहेर जाणार नाही, सेन्सरची फसगत होणार नाही, लादी कोरडी. किंमत एवढीच की बाबांना दोन दिवसांनी कप धुवावा लागतो. मला हा सगळ्या बदलांमधला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याला खर्च शून्य. ज्यांना कॅन हवाच असेल त्यांनी त्यात फ्लोट स्विच टाकावा, कॅन भरला की स्किमर बंद. पण फ्लोटवर मीठ साचतं आणि तो अडकतो, म्हणून माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही.

ड्रमही बदलला. ५० लिटरच्या जागी १० लिटरची बादली. सेन्सर उद्या पूर्ण वेडा झाला तरी १० लिटरपेक्षा जास्त गोडं पाणी घालूच शकणार नाही. ३५ ची फार तर साडेतेहतीस-चौतीस होईल. बादली बाबा एक दिवसाआड भरतात.

काही किरकोळ कामं. वर येणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात खोल होतं, ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणलं, त्यामुळे पाइपातून उलटं खाली येणारं पाणी कमी झालं. पाइपाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात मिठाचे खडे बसतात, ते दर रविवारी टाचणीने मोकळं करायचं. स्किमरच्या हवेच्या नळीचंही तेच, ती तुंबली की हवा-पाण्याचं प्रमाण बिघडतं. तिच्यातून आठवड्याला कोमट पाणी ओढू द्यायचं. स्किमर साडेतीन सेंटिमीटर उंच ठेवला तर प्रश्न मुळातच मिटेल असं एकाने सुचवलं होतं. मग तो रोजच्या पातळीला उथळ पडतो आणि फेस गळ्यापर्यंत पोचतच नाही. रोजचं काम बिघडवून एका रात्रीची काळजी मिटवणं मला पटत नाही. आणि सगळ्या वायरी पाण्याच्या दिशेने जाताना खाली झोळ देऊन मग बोर्डाकडे वर नेल्या, म्हणजे थेंब वायरीवरून ओघळून प्लगात जात नाही. तेवढ्यात घराला ईएलसीबी पण बसवून घेतला, आईने तो पुरावा म्हणून स्वतः बटण दाबून तपासला.

आईने टाकीला एक महिन्याची मुदत दिली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जोरदार पाऊस झाला आणि रात्रभर लाइटचा खेळ चालला. बाबा जागे होते. त्यांनी टॉर्च घेऊन कपाट उघडलं नाही, कारण आईने बजावलं होतं, पण बाहेर बसून आवाज ऐकत वहीत वेळा लिहिल्या. १.१०, १.२५, १.३२, २.०५... एकूण नऊ. स्किमरचा आवाज पहाटे ५.४० ला आला. लादी कोरडी, सकाळी क्षारता ३५.

मुदतीबद्दल नंतर कोणी काही बोललं नाही. गेल्या रविवारी आईने फक्त एवढंच विचारलं, की नवा कंपाउंडर पुण्याहून आणायचा तर तो एसटीत तीन तास पिशवीत टिकतो का. टिकतो. पिशवीत हवा जास्त आणि पाणी कमी ठेवायचं, आणि घरी आल्यावर तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी मिसळत न्यायचं.